दात तर ठणठणीत आहे

तू ट्रम्पेट सोडून मागच्या रांगेत ड्रम बडवायला लागलीस, हे मला समोरच्या दातवाल्याकडून कळावं? घरात आम्ही सगळे मेलो होतो का? नव्या पुलाच्या उद्घाटनाला तुमचा अग्निशमन दलाचा बँड आला होता, तो बघून आला आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याची पिशवी हातात धरून जिन्यात मला म्हणतो, आजी, नात मागे गेली वाटतं, गळ्यात ड्रम होता. मी म्हटलं, जाईल नाही तर काय, पुढचा दात दुखतो तिचा, फुंकवत नाही, तूच तर बघितलास. तर हा बाबा पिशवी खाली ठेवून म्हणतो, दात तर ठणठणीत आहे, दगड आहे दगड, पण हट्टच धरून बसली म्हणून कोपरा जरासा घासून दिला. पेशंटचं असं जिन्यात सांगू नये, हे मी त्याला बजावलं, पण सगळं ऐकून झाल्यावर. चांगल्या दाताला कानस लावून घेतलीस. ह्याला आता पाच-सहा महिने होतील, राग तसाच आहे.

प्रिय भोंगू,

आता दार लावून घे, बस आणि वाच. फोन केला असता, पण जन्म धुलाईच्या यंत्रांच्या वर आवाज काढण्यात गेला, मला हळू बोलता येत नाही. मी फोनवर काही सांगितलं की ते तुझ्या आधी खालच्या मजल्यावर पोचतं. म्हणून लिहितेय. शाळेत मी फार टिकले नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला हसायचं नाही, आणि कुठे काना-मात्रा राहिली तर आपली घालून घे.

माझं ऑपरेशन झालं हे तुझ्या बापाने सांगितलंच असेल. कसलं ते सांगितलं नसणार. तो ‘आईचं ते बायकांचं काहीतरी’ एवढंच म्हणतो, आणि तेवढं म्हणतानाही छताकडे बघतो, जसं काही तिथे कोळिष्टक लागलंय. मी सांगते. खोकलं, शिंकलं, हसलं, बादली उचलली की माझी लघवी सुटायची. झालं, लिहिलं. कागद काही फाटला नाही.

तुझ्या बापाच्या वेळेपासून हे सुरू झालं. डोकं केवढं घेऊन आला होता ते आजही टोपी घ्यायला गेलं की कळतं. मग हॉटेलच्या धुलाईखान्यात लागले, आणि ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून जे सैल होतं ते आणखी सैल झालं. मी एकटीच नव्हते. घडी घालायच्या टेबलाशी आम्ही समोरासमोर उभ्या असायचो, चादरीची चार टोकं चौघींच्या हातात, आणि कुणाला शिंक येतेय असं दिसलं की चौघीही पाय आवळून घ्यायच्या. जिला शिंक यायची ती तर आवळायचीच, बाकीच्या सवयीने. आमच्यातली एक फार गमतीदार बोलायची. तिने तोंड उघडलं की आम्ही आधी गठ्ठ्यांवर बसून घ्यायचो आणि मग म्हणायचो, हं, बोल आता. नवा मुकादम आला तो म्हणाला, ह्या बायका गोष्ट सांगायची तर बसतात कशाला. कुणी सांगितलं नाही. आम्ही एकमेकींनासुद्धा कधी सांगितलं नाही, ही त्यातली खरी गंमत. जुन्या टॉवेलांच्या घड्या प्रत्येकीच्या पिशवीत होत्या, प्रत्येकीला दुसरीच्या पिशवीतल्या दिसत होत्या, आणि तोंडं शिवलेली.

मग माझा गुडघा. माझा उजवा गुडघा दुखतो हे आपल्या घराण्यात सूर्य उगवतो इतकं पक्कं आहे. गुडघ्यामुळे आजी फिरायला येत नाही, गुडघ्यामुळे आजी लग्नाला गेली तरी दाराजवळच्या खुर्चीत बसते, गुडघ्यामुळे तुझ्या छोटीला कडेवर घेत नाही. तुझा बाप न चुकता तेलाची बाटली आणतो. त्या तेलाने आपल्या घरातल्या एकाही दाराची बिजागरी कुरकुरत नाही. गुडघ्याला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. आता तू तोंडाचा आ केला असशील तर मिट. दुसऱ्या कुणी केला असता तर चाललं असतं, तुझं काही तोंड नाही.

तर मी डॉक्टरकडे गेले. एकटीच गेले, बसने. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची निघाली, केस बारीक कापलेले, नखं स्वच्छ. मला म्हणाली, पाणी पिऊन पोट भरून या. भरून गेले. मग पायाखाली कागद अंथरून म्हणते, आता उभ्या राहून खोका. मी म्हटलं, बाई गं, सगळा जन्म जे होऊ नये म्हणून पाय आवळले ते तू मला मुद्दाम करायला सांगतेस. ती म्हणाली, हो, आणि चांगलं जोरात. खोकले. तिने बघितलं, लिहून घेतलं, आणि कुणाचं नाक वाहतंय हे सांगावं इतक्या साधेपणी म्हणाली, बरोबर, नळीला खालून जो टेकू हवा तो सैल झालाय. एवढंच. मी कपडे सारखे करताना विचार करत होते, एवढ्या एका वाक्यासाठी मी किती लग्नांत दाराजवळ बसले.

तिने कागदावर चित्र काढलं. मला ते किटलीसारखं दिसलं, तिला तसं सांगितलं, ती म्हणाली किटलीच समजा, तोटी खाली आहे. आधी व्यायाम, म्हणाली, तीन महिने, तो कुणालाच चुकत नाही. त्याने भागलं तर सुरी लावायचीच नाही. नाही भागलं तर चार वाटा. एक, जाळीची बारीक पट्टी तोटीखालून घालायची, झोळीसारखी. दोन, तोटीच्या दोन्ही बाजूंचं मांस टाके घालून वर हाडामागे बांधून टाकायचं. तीन, तशीच झोळी, पण जाळीची नाही, आपल्याच पोटाच्या आतल्या चिवट पडद्याची पट्टी कापून घ्यायची आणि तिची करायची. चार, काही कापायचं नाही, तोटीच्या भिंतीत सुईने औषध भरून ती फुगवायची म्हणजे तोंड अरुंद होतं. पहिल्या तिन्हींत बहुतेक बायकांना चांगला फरक पडतो, चौथ्यात कमी पडतो आणि पुढे पुन्हा भरावं लागू शकतं. मी म्हटलं, मग चौथं कोण करून घेईल. ती म्हणाली, ते बाईवर आहे. मग पेन बंद करून मला विचारते, हे सगळं झाल्यावर तुम्हाला काय करता यायला हवंय? असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं गं. मी म्हटलं, उभ्याने शिंकायचंय. ती हसली नाही. तेही लिहून घेतलं.

व्यायामाचा वर्ग तळमजल्यावर, जिथे हाडांचे फोटो काढतात त्याच्या पलीकडे. रबरी चटया, एक मोठा आरसा, आणि आरशावर कुणीतरी चादर टाकलेली, नीट घडी न मोडलेली. आम्ही उताण्या पडायचो आणि व्यायामवाली म्हणायची, वर ओढा, धरा, सोडा. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल बायका जेवून पडल्यात. पहिल्याच दिवशी तिने मला उकिडवं बसायला लावलं, मी नेमाप्रमाणे गुडघ्याचं सांगितलं, तिने गुडघा इकडून तिकडून दाबून बघितला आणि म्हणाली, आजी, हा गुडघा तुमच्यापेक्षा लहान आहे. तेव्हापासून मी तो विषय काढला नाही. तिथे ऑपरेशनाला थांबलेल्या असायच्या आणि ऑपरेशन होऊन तपासणीला आलेल्याही. मग काय, वर ओढा आणि सोडाच्या मध्ये मी चौकशी सुरू केली. एकेकीला चटईवर गाठायचे. लाज बाळगायचं माझं वय गेलं, आणि त्या बिचाऱ्या तर कुणी विचारावं म्हणून वाटच बघत होत्या.

एक बस चालवायची. तिने जाळीची पट्टी घालून घेतली होती. सकाळी गेले, दुसऱ्या दिवशी घरी, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा स्टीअरिंगवर, म्हणाली. खड्ड्यात चाक गेलं की आधी माझं काय व्हायचं ते मला आणि सीटलाच माहीत, आता गाडी उडाली तरी मी कोरडी. मोठ्याने हसते बाई, पार शेवटपर्यंत. मला तर वाटलं, झालं, हेच बरं. तर शेजारच्या चटईवर फुलांचं दुकान चालवणारी होती, बोलणं अगदी खालच्या पट्टीत. तिनेही तीच पट्टी घातलेली. तिच्या पट्टीची कडा आतल्या आत मांसातून वर आली. बसलं की टोचायचं, नवऱ्याजवळ जाणं बंद झालं, पुन्हा भूल देऊन थोडी कापून काढली, सगळी निघत नाही, मांस तिच्यात रुजलेलं असतं. बसवाली म्हणाली, मग तुला घालणाऱ्याचा हात कच्चा असेल. तर फुलवाली म्हणते, बाई, तुमचा आणि माझा डॉक्टर एकच. मग बसवालीनेच तिला उठायला हात दिला, आणि त्या दिवशी ती हसली नाही. असं थोड्याच जणींचं होतं, हे डॉक्टरीणबाईने मला नंतर सांगितलं. पण त्या थोड्या जणींतली एक आपल्या शेजारी चटईवर पडलेली असली की ‘थोड्या’ हा शब्द वेगळा ऐकू येतो.

शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली एक बाई होती, पाठ अजून खिळ्यासारखी. तिचे टाके होते, फार वर्षांपूर्वीचे, तेव्हा पोट उघडूनच घालायचे, आता म्हणे छोट्या भोकांतूनही घालतात. घरी बसावं लागलं, जखम बरीच दुखली, पण ते टाके टिकले, अगदी निवृत्तीच्या दिवसापर्यंत शिट्टी मारून पोरांच्या पुढे धावले, म्हणाली. मग? मग वय झाल्यावर मागच्या बाजूने अंग खाली उतरायला लागलं. पुढून ओढून बांधलं की कधी कधी मागचं ढिलं पडतं. आता ती त्यासाठी येते. पुन्हा तेच करशील का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तेव्हाच्या मला विचाराल तर हो, आताच्या मला विचारू नका.

आणि एक वाचनालयातली, चाळिशीचीही नसेल. तिने आपल्याच पडद्याची पट्टी करून घेतली. जाळी नको, असं तिने आधीच ठरवलं होतं. पोटावर आडवी जखम. नंतर कितीतरी दिवस तिला लघवी व्हायचीच नाही. झोळी जरा घट्ट बसली. लघवी काढायची रबरी नळी कशी घालायची ते तिला शिकवलं आणि ती वाचनालयाच्या मोरीत दार लावून स्वतः घालायची. आधी थांबत नव्हती, मग सुरू होईना, म्हणाली, आणि हे सांगताना तिला हसू आलं, मला आलं, सगळा वर्ग हसला, आणि व्यायामवाली ओरडली, हसताना धरा, हसताना धरा. आता तिचं सुरळीत आहे. मुलाबरोबर दोरीवरच्या उड्या मारते. मी तिला खूप विचारलं. किती दुखलं, रजा किती पडली, पोर कोण बघत होतं, वजन कधी उचललं, पुन्हा मूल हवं असतं तर काय केलं असतंस. शेवटचं विचारल्यावर ती म्हणाली, आजी, तुम्हाला आणखी मूल हवंय का. असली आगाऊ.

माझं म्हणशील तर मी सुई घेतली, चौथी वाट. धुलाईखान्याच्या वाफेने छाती कायमची खोकते, पोटावर जखम घेऊन मी खोकत बसले असते तर टाक्यांचं काय झालं असतं. आणि जे माझ्यानंतर माझ्याबरोबर जळायचं नाही असलं काही आत घालून घ्यायची मला हौस नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत आटोपलं. पूर्ण कोरडी नाही, तुला खोटं कशाला सांगू. साधी शिंक आली तर काही होत नाही, लागोपाठ आल्या तर तिसरीला दगा होतो. पुन्हा भरावं लागलं तर भरू, नाही तर नाही. मला पुरतं. परवा दुकानात रांगेत उभी असताना शिंकले, पाय न आवळता, आणि मागचा माणूस म्हणाला सांभाळून. मी म्हटलं, सांभाळूनच चाललंय.

आता तुझ्याकडे येते. मागे आठवडाभर राहायला आली होतीस, तेव्हा गणवेशाची पांढरी विजार न्हाणीघरात थंड पाण्यात स्वतः धुतलीस. घरात मशीन आहे. रक्ताचा डाग होता म्हणालीस. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुतलेत, कशाला काय वास येतो ते मला नाक न लावता कळतं. बसायच्या आधी खुर्चीवर शाल टाकायचीस. छोटी हात वर करून उभी राहिली की खाली बसून तिला मिठी मारायचीस, उचलायची नाहीस. शिंक आली तर आधी टेबलाला धरायचीस. ते टेबल धरणं मी ओळखते, त्याच्या दुसऱ्या टोकाला मीच उभी असायचे. तुझ्या बापाला वाटलं तुझा दात. नातजावयाला वाटतं तू थकतेस. बँडमास्तरला काय वाटतं ते मला ठाऊक नाही, पण वरचा सूर काढायला पोटातून केवढा जोर लागतो हे त्याला तरी कळायला हवं होतं. ड्रमला तेवढा जोर लागत नाही. पांढऱ्या विजारीत, सगळ्या गावासमोर, पुढच्या रांगेत उभं राहायचं आणि वरचा सूर यायची वाट बघायची, मी असते तर मीही ड्रमच घेतला असता. पण मला ट्रम्पेट येत नव्हतं. तुला येतं.

डॉक्टरीणबाईला मी विचारलं, समजा एखादी बाई तोंडाने वाजवायचं काम करते, एक मूल झालंय, वय तिशीचं. तिने ‘समजा म्हणजे कुठली बाई’ असं विचारलं नाही, शहाणी आहे. म्हणाली, तिला आधी व्यायाम, चांगला शिकवून, पुष्कळजणींना तेवढ्याने भागतं. आणखी मूल हवं असेल तर ऑपरेशन थांबवायचं, नाहीतर बाळंतपणात केलेलं बिघडू शकतं. नको असेल तर मग बसून ठरवायचं, आणि तिने आजीचं बघून ठरवायचं नाही. हे शेवटचं तिने माझ्याकडे बघून म्हटलं.

माझं काय करायचं ते पहिल्याच दिवशी त्या किटलीच्या चित्रासमोर ठरलं होतं, भोंगू. तोंडाने ‘चौथं कोण करून घेईल’ म्हटलं, पण मनात म्हटलं ही माझी. मग तीन महिने चटईवर पडून मी त्या बायकांना इतकं खोदून कशाला विचारत होते? मला दोरीवरच्या उड्या मारायच्या नव्हत्या. पट्टीचं, टाक्यांचं, पडद्याचं, जे जे मला कधी लागणार नव्हतं ते सगळं मी तुझ्यासाठी गोळा केलं आणि वर लिहिलं, त्यातलं वाईटही गाळलं नाही. तू तिथे गेलीस तर तुला पहिल्यांदाच ऐकून घाबरायला नको, आणि कुणी एकच वाट चांगली म्हणून गळ्यात मारली तर चार आहेत हे तुला ठाऊक असावं. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी तिच्याकडे मी तुझं नाव घातलंय. यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी ओढून नेणार नाही. छोटीला माझ्याकडे ठेव, आता मी तिला उचलते. हो किंवा नाही, काय ते कागदावर लिहून पाठव, तुझ्या हाताने. आईकडून निरोप नको, बापाने छताकडे बघत काही सांगितलेलं नको, आणि ‘ती जरा कामात आहे’ असं नातजावयाने कळवलेलं तर मुळीच नको. उत्तर तू द्यायचंस, दुसऱ्या कुणी नाही.

तुझीच,
आजी